तांदळाएवढा तुकडा

बाबा, आज मी डॉक्टरले चार वेळा विचारलं, म्हणजे काय. तुम्ही असते तर मांडीले चिमटा काढला असता, म्हणून मुद्दाम सांगतो.

मी इकडे सुरतेत खिडक्यांच्या काचा बसवायचं काम करून राहिलो. दाढ ठणकायले लागली म्हणून दाताच्या दवाखान्यात गेलो, तर तिथली तरणी डॉक्टरीण म्हणाली, आरसीटी लागेल, वरून क्राउन. मी तोंडातला कापूस काढला आणि म्हटलं, मॅडम, मी सातवी नापास आहे, हिंदीत सांगा पण नीट सांगा. ती हसली नाही, समजावून सांगितलं. दात जागेवरच राहतो, आतली सडलेली नस काढून मूळ साफ करून भरतात, ती आरसीटी. क्राउन म्हणजे दातावरची टोपी. दात वाचवायचं काम आहे ते, बाबा, आणि आपल्या घरात दाताच्या डॉक्टरच्या नावानंच सारे घाबरायचे. मग गालात आरसा फिरवता फिरवता ती थांबली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का, म्हणाली. पांढरा चट्टा आहे, बायोप्सी करू.

तो शब्द मले ओळखीचा होता, तुमच्या गालातल्या चट्ट्याच्या वेळचा, मी लहान होतो तेव्हाचा. तुम्ही लकडगंजच्या आरामशीनवरून तसेच आलेले, अंगावर लाकडाचा भुसा, दवाखान्याच्या बाकावर अवघडून बसले आहा. डॉक्टर बायोप्सी म्हणतात, तुम्ही हो साहेब म्हणता. मी विचारतो, म्हणजे काय जी? आणि तुमची बोटं माझ्या मांडीत रुततात. बाहेर पायऱ्यांवर तुम्ही म्हणाले, "मोठ्या माणसाले असं विचारते काहून बे? त्याले वाटन, अडाण्याचं पोरगं आहे."

दुसऱ्या दिवशी आरामशीनवर कोणीतरी तुम्हाले सांगितलं, चाकू लागला का रोग पसरते. तुम्ही परत गेलेच नाही. वर्षभरात तुमच्या तोंडात दोन बोटं जात नव्हती, आई वरणात भात कुस्करून चमच्यानं भरवत होती.

अडाण्याचंच पोरगं आहे मी. मग कोणी विचारायचं, शिकलेल्यानं? त्याले तर ठाऊकच असते. साहेबासमोर मान हलवून तुम्ही आपली इज्जत राखली आणि गेले. मले नाही पाहिजे तसली इज्जत. मी विचारलं, किती कापणार, दुखन का, रिपोर्टमध्ये काय काय येऊ शकते. सारं ऐकून घेतलं आणि तोंड उघडलं. रिपोर्ट आठ दिवसांनी आहे. भीती वाटून राहिली, पण कशाची ते मले ठाऊक आहे.

हे पान मी फाडून टाकीन. पण एक राहिलं. त्या दिवशी पायऱ्या उतरल्यावर तुम्ही पाणी प्यायले नळावर गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरनं मले समजावलं होतं. तांदळाएवढा तुकडा काढून तपासतात, बाळा, त्यानं काही पसरत नाही. मले माहीत होतं, बाबा. चिमट्याचा राग होता, म्हणून मी तुम्हाले सांगितलं नाही.