विहीर सगळ्यांची, असं मी इंग्रजीत सांगितलं

१२ एप्रिल १९५७
एक परदेशी पाहुणे सोमवारी येणार. बी.डी.ओ. साहेबांनी मंगरूळपीरला बोलावून घेतलं. "दुभाषी तुम्ही. तुमच्याइतकं इंग्रजी आपल्या ब्लॉकात कोणाला येतं?" छाती फुगली, खोटं कशाला लिहू. दाखवायची ती नवी विहीर; सिमेंट त्यांच्याच देशाच्या मदतीतलं. रस्त्यावर मुरूम, कट्ट्याला चुना, शाळेला तोरणं. ग्रामसेवकाचं काम एवढंच उरलं की काय.

१५ एप्रिल
आले. उंच, वयस्क, घामाने भिजलेले. हात जोडून 'नमस्ते' म्हणाले, गाव खूश. सरपंच बोलले, मी सांगत गेलो. मग पाहुण्यांनीच विचारलं, बायांचं काय म्हणणं? आणि बोट दाखवलं लांब उभ्या असलेल्या गिरजाबाईंकडे. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, गेल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या. त्या सरळ पुढे आल्या.
"साह्यबाले सांगा भाऊ, विहीर खंदतानी आमीबी टोपले वाह्यले. पाणी लागलं तवापासून आमाले कट्ट्यावर चढू देत नाहीत. आमी अजून नाल्यातला झिरा उपसून राह्यलो."
सरपंचांची नजर माझ्यावर. बी.डी.ओ. साहेबांची पण.
मी इंग्रजीत म्हणालो, बाई म्हणतात विहीर सगळ्यांची आहे, फार सोय झाली.
पाहुणे हसले. गिरजाबाईंचा फोटो काढला.

१६ एप्रिल
बी.डी.ओ. साहेबांनी पाठ थोपटली. "घरचं उणं बाहेरच्यासमोर काढायचं नसतं. त्यांचा गहू बंदरात उतरतो तेव्हा आपली शहरं जेवतात. आणि उद्या तेच आपल्याला शिकवायला बसतील, तुम्ही माणसं कशी वागवता म्हणून."
ऐकताना पटलं. सायकलवर घरी येईतो पटेना. देशासाठी बोललो? त्या वेळी देश डोक्यात आलाच नव्हता. साहेबांचा चेहरा तेवढा दिसत होता.

१९ एप्रिल
गिरजाबाई वाटेत भेटल्या. टाळणार होतो, जमलं नाही.
"भाऊ, त्याले काय सांगतलं?"
"तुम्ही म्हणालात तेच."
"मी येवढं बोलली, तुमी दोन शब्दांत उरकलं. आन् माह्या दुखाचं आयकून तो हासला काहून?"
सभ्य माणूस वाटला होता तो. त्याला मी हसायला लावलं.

२४ एप्रिल
राहवेना. मंगरूळपीरला जाऊन साहेबांना सांगितलं, त्या बाईला पाणी मिळत नाही. "माहीत आहे," म्हणाले. इतकंच. मग, "विहीर सर्वांना खुली, असं वर कळवून झालंय. आता उलटं कळवू?"
संध्याकाळी सरपंचांकडे. अस्पृश्यतेचा कायदा काढला तर म्हणाले, "मले कायदा नोका शिकवू. तुमाले याच गावात काम करा लागते." चहा मात्र पाजला. मी प्यालो.

३० एप्रिल
झिरा आटत आला. गिरजाबाई स्वतः आल्या. "उद्या सकाळी आमी बाया विहिरीवर चाललो. तुमी येता काय?"
येतो म्हणालो. बायकोने विचारलं, नोकरी गेली तर?

१ मे
गेलो. सरपंच कट्ट्यावर बसलेले, गावातल्या बाया घागरी घेऊन उभ्या. पलीकडून गिरजाबाई आणि त्यांच्या शेजारणी आल्या. सरपंचांनी मलाच विचारलं, "सांगा ग्रामसेवक, विहीर कोनाची?"
"सरकारची. सगळ्यांची." आवाज चिरका निघाला.
गिरजाबाईंनी दोर सोडला. कोणी अडवलं नाही. सरपंच उठून चालते झाले. गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या, एकही पाण्याला थांबली नाही. उद्या त्या येतात की विहीरच टाकतात, कोण जाणे. साहेबांचा निरोप दुपारीच आला: ताबडतोब भेटा.
सकाळी निघताना घागर डोक्यावर घेऊन गिरजाबाई माझ्यापुढे थांबल्या होत्या. आभार नाही, राग नाही.
"आज तुमी बोलले, बरं झालं. पण त्या फोटोवाल्या साह्यबाले आता कोन सांगन?"