हे पाळीवर बसतात

४ नोव्हेंबर
आज पुन्हा गडचिरोली. ह्यांचं डायलिसिस. दिवसाआड बस, मग ते यंत्र, मग परत बस. घरी आलो तर अंधार. हे न जेवताच पडले. मीही चूल पेटवली नाही.

५ नोव्हेंबर
मोकळा दिवस. हे सकाळीच तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर जाऊन बसले. जेवायला बोलवायला मलाच जावं लागलं.
"काय करून राह्यले इथी?"
"काई नाई. पाणी पाहून राह्यलो."
जन्मभर ह्याच तलावात जाळं टाकलं! आता जाळं उचलवत नाही, तरी तिथंच. घरी मी एकटी — माझ्याजवळ घटकाभर बसावं असं नाही वाटत? बोलायचीही ताकद नाही.

८ नोव्हेंबर
बसमध्ये ह्यांना उलटी. माझ्या अंगावरच. साडी तशीच वाळली.

९ नोव्हेंबर
आज म्हणाले, "कुंता, हे यंत्र बंद करू."
"बंद केलं तर फार दिवस नाईत. डॉक्टर बोलले ना!"
"एक दिवस यंत्राचा, एक दिवस थकव्याचा. मी जगतो कवा?"
मी ओरडले — "तलाव पाह्यासाठी मरता काय?"
हे म्हणाले, "जनमभर त्याच्यातून काढतच राह्यलो. मासे काढले, शिंगाडे काढले. नुसता बसलो कवा? माह्या काई कामाचा नसला तरी तो आहेच ना. तेच पाहावं वाटते."
"अन् मी?"
हे उठून पाळीकडं निघाले.

१० नोव्हेंबर
नागपूरहून हेमराजचा फोन. "बाबाचं ऐकू नको, आई. नेत राहा." नागपुरात बसून सांगायला काय जातं पोराला!
गेलो. हे माझ्यासाठी आले, कळतं मला.

११ नोव्हेंबर
मीच पाळीवर गेले. भांडायलाच गेले होते. हे सरकले, जागा केली. पलीकडच्या काठाला बदकं उतरली होती. ह्यांनी नुसतं बोट दाखवलं.
मग म्हणाले, "रोज येत काऊन नाई?"
"तुमी बोलावलं कवा?"
"तुले कामं राह्यते. वाटलं, चिडशीन."
दोघंही हसलो. किती दिवसांनी! भांडी तशीच पडली होती. ऊन डोक्यावर आलं तरी उठावंसं वाटलं नाही.

१२ नोव्हेंबर
हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तयार. स्टॉपवर आलो. बस थांबली. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, लवकर!"
मीच सांगितलं, "जाऊ द्या भाऊ. आता नाई येत आमी."