आईच्या नमुन्यातला वाय

प्रिय आत्या,

गेल्या महिन्यात तू बारा वर्षांनी आमच्याकडे आलीस आणि आईला म्हणालीस, "वहिनी, तुमचा तरी काय दोष? तुमच्या माहेरच्या रक्तातच आहे ते." आईने चहा पुढे केला. तुझ्या या मोठ्या मनाचं कारण मी आहे, म्हणून लिहितोय.

माझी आतडी सुजतात हे कळल्यापासून तुम्ही दोघी एकमेकींवर खापर फोडत होतात. माझं तर कामच आहे, या आजाराची जनुकं संगणकावर शोधायची. शेवटी मी आई, बाबा आणि स्वतःची लाळ प्रयोगशाळेत दिली. निकाल आला: धोक्याची जनुकं बहुतेक आईकडची. मी उत्साहाच्या भरात तुला फोन केला आणि तू उरलेल्या सगळ्या नातेवाइकांना.

जी साधी तपासणी मी सगळ्यात आधी करायला हवी होती, ती काल केली. आईच्या नमुन्यात वाय क्रोमोसोम सापडला. संगणकाच्या मते माझी आई पुरुष आहे आणि बाबा बाई. आत्या, नळ्यांवरची लेबलं मीच उलटी चिकटवली होती! ती जनुकं बाबांची, म्हणजे तुमच्या घराण्याची.

आईला सांगितलं. वाटलं, ती आता पेढे वाटायचीच बाकी राहील. पण ती म्हणाली, "तिला कळवलंस तर याद राख. आता दर रविवारी येते ती. भांडायला का होईना, मला कोणीतरी हवंच होतं." म्हणून हे पत्र तिच्या नकळत लिहितोय; तू मात्र रविवारी काहीच माहीत नसल्यासारखी ये.

तुझा भाचा,
आतड्यांसकट तुमच्याच घराण्यातला