एकोणीस गाड्यांतली सातवी

गुरुवार, २ ऑक्टोबर

गाडी आली. जगात एकोणीसच आहेत, माझी सातवी. सोळाशे हॉर्सपॉवर. इतकी वर्षं सासुओलो गावात टाइल्सचा कारखाना चालवला, लोकांच्या बाथरूममध्ये रंग भरले. आता स्वतःच्या आयुष्यात भरायचे. बायकोला, नीवेसला, हे ऐकवलं. ती म्हणाली, गाडी काळी आहे.

गाडीच्या फॅक्टरीची इंजिनियर इलारिया बराच वेळ समजावत होती. तेल तापल्याशिवाय पाय दाबू नका, टायर गार असताना तर मुळीच नाही, आणि ते लाल बटण सध्या विसरूनच जा, साहेब. मी मान डोलावत राहिलो. या भागात मुलं चालायच्या आधी गिअर टाकायला शिकतात, हे त्या पोरीला कोण सांगणार.

१९ तारखेला, रविवारी, सगळ्या गाड्यांची मिरवणूक आहे. सेर्रामात्सोनीचा घाट चढून पाव्हुल्लोपर्यंत. मी इथला, म्हणून सगळ्यांत पुढे मी. लगेच होकार दिला.

उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

शनिवार, ४ ऑक्टोबर

काल धुकं. आज धुकं नव्हतं, पण शनिवार. रस्त्यावर नवशिके फार. गॅरेजमध्येच सीटवर बसून राहिलो. नुसतं नीट बसणं हीसुद्धा एक विद्या आहे.

उतरताना गुडघा अडकला. नीवेसने ओढून काढलं. विचारत होती, इंजिन का सुरू करत नाहीस? म्हणालो, आधी गाडीची आणि माझी नीट ओळख व्हायला हवी. ती म्हणाली, आपलं लग्नसुद्धा यापेक्षा लवकर उरकलं होतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

इंजिन सुरू केलं! बॅटरीसाठी, दुसरं काही नाही. फळीवरच्या टोमॅटो सॉसच्या बाटल्या थरथरल्या, एक पडून फुटली. लगेच बंद केलं. शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

शेजारचा गुआल्तिएरो, बारवाला, धावत आला. म्हणे, ‘बंद का केलीस रे? लाव की परत!’

समजूतदार शेजारी मिळणं कठीण.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बारमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, ओरियानो, गाडी बाहेर कधी? सांगितलं, रोज पहाटे काढतो, तुम्ही झोपलेले असता. गुआल्तिएरो म्हणाला, ‘पहाटे बार मीच उघडतो.’ म्हटलं, त्याच्याही आधी. ‘मग आवाज कसा येत नाही?’ म्हटलं, हळू चालवतो. सगळे पोट धरून हसले. माझी विनोदबुद्धी शाबूत आहे.

घरी येताना छातीत धडधडत होतं. कॉफी बंद करायला हवी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी

आज. ऊन पडलंय, रस्ता मोकळा आहे. थांबायला निमित्त, म्हणजे कारण, उरलेलं नाही.

तोच दिवस. दुपारी

अक्षर वाकडं येतंय. पेन खराब आहे.

घाटाची पहिली वळणं उत्तम घेतली. मागचा दुधाचा टेम्पो सारखा हॉर्न वाजवत होता. कौतुकाने असावा. मग तो पुढे निघून गेला.

वर चेस्टनटची झाडं आहेत तिथे सावली, रस्त्यावर ओल्या पानांचा थर. मी पाय किंचित दाबला. अगदी किंचित. गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली. समोरून सायकल. निळी टोपी, हँडलला पालेभाजीची पिशवी. म्हातारा आदेल्मो, नदीकाठी मळा आहे त्याचा. त्याचं तोंड उघडं होतं आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. ब्रेकवर पाय द्यायचा नाही, नजर जिकडे जायचं तिकडे ठेवायची. मी स्टिअरिंग सोडलं, शेजारच्या सीटवर आडवा झालो आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

गाडी थांबली. उलट्या तोंडाने. इंजिन बंद.

मग खालच्या चरातून आवाज आला, ‘अरे मेलो की रे!’ मेलेला माणूस असं ओरडत नाही, म्हणजे चिंता नव्हती. उठणारच होतो. पण चिखलाने भरलेल्या माणसाला त्या अवस्थेत कोणी बघणं बरं नव्हे. वय झालंय त्याचं, मान ठेवायला हवा. म्हणून आडवाच राहिलो.

पावलं जवळ आली. दाराशी थांबली. काच काळी आहे, तरी श्वास रोखून धरला. तो काहीतरी पुटपुटला. बराच वेळ तिथेच होता. मग पावलं लांब गेली. सायकलचं चाक कुठेतरी घासत होतं, तो आवाज खालच्या वळणापर्यंत येत राहिला.

नीवेसने विचारलं, कशी झाली? म्हणालो, अप्रतिम. हात बसलाय आता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

इलारियाचा फोन. गाडी सगळं फॅक्टरीला कळवत असते म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असलंच तर फार भरभर सांगितलं. म्हणाली, ‘साहेब, काल गाडी गर्रकन फिरली असं दिसतंय. कोणाला लागलं तर नाही ना?’

म्हणालो, रस्त्यावर कोणीच नव्हतं.

जेवण गेलं नाही. नीवेसचं हल्ली मीठ चुकतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

नीवेस बेकरीतून आली. आदेल्मो दिसला म्हणे, मनगटाला पट्टी. तुझ्याच गाडीचं नाव घेतो.

विचारलं, आणखी काय म्हणतो? ती पाव कापत राहिली. मग म्हणाली, ‘तूच जाऊन विचार ना.’

जाणार आहे. माणुसकी म्हणून. उद्या सकाळी, लाम्ब्रुस्को वाइनची चांगली बाटली घेऊन. सरळ सांगणार, आदेल्मो, पानं ओली होती.

शनिवार, १८ ऑक्टोबर

फाटकापर्यंत गेलो. कुत्रा भुंकला. मुक्या जनावराला उगाच त्रास नको म्हणून परतलो. बाटली जेवताना उघडली. नीवेसने घेतली नाही.

फॅक्टरीला निरोप धाडला की पाठ धरली आहे, मिरवणुकीला येणं होणार नाही. पाठ खरोखरच दुखतेय, निरोप धाडल्यापासून.

रविवार, १९ ऑक्टोबर

नीवेस म्हणाली, चल, बारमधून बघू. नाही म्हणता येईना.

अख्खं गाव रस्त्यावर. अठरा गाड्या एकामागून एक गेल्या. काचा थडथडल्या, पोरं किंचाळली, पुढे एक स्वित्झर्लंडची बाई होती, पांढऱ्या केसांची, एका हाताने चालवत होती. आवाज घाटात विरला तेव्हा आम्ही सगळे आत आलो. आदेल्मो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. गुआल्तिएरोने त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. म्हणाला, आता सांग त्याच्या तोंडावर.

आदेल्मो म्हणाला, ‘ओरियानो, तुझी गाडी आपोआप चालते का रे?’

म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, ‘मंगळवारी घाटात माझ्या अंगावर आली. समोरच्या काचेतून आत बघतो तर स्टिअरिंगवर कोणी नाही. हे सगळे मला वेड्यात काढतात. म्हणतात, ओरियानोच असणार, तुला नीट दिसलं नाही. आता तूच सांग. कुठे होतास तू?’

गुआल्तिएरोने कॉफीचं मशीन बंद केलं. नीवेस माझ्याकडे बघत होती. मंगळवारी ‘अप्रतिम’ म्हणून कोणाला सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

म्हणालो, ‘घरी.’

आदेल्मोने टेबलावर थाप मारली, पट्टी नसलेल्या हाताने. सगळ्यांकडे वळून म्हणाला, ‘बघा! मी सांगत होतो ना, तो नव्हताच. ओरियानो असता तर उतरला नसता का? लागलं का बाबा, एवढं तरी विचारलं असतं की त्याने.’

गुआल्तिएरोने माझ्यापुढे कॉफी ठेवली. नीवेसने कप उचलला आणि आदेल्मोपुढे सरकवला.