वैजापूरच्या कॉम्प्युटरवर माझा मोबाईल

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

तीर्थस्वरूप साडूभाऊ कडुबाराव यांना रामकिसनचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

अक्कांच्या गुडघ्याची सूज उतरली का, म्हैस व्याली का, देवगावात नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय, ते कळवावे. इकडं सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. म्हणजे द्वारका आहे, प्रेरणा आहे. मी तेवढा नाही. बावीस वर्षांनी कागदावर पत्र लिहितोय (मागचं प्रेरणाच्या बारशाचं होतं). वाचून झालं की चुलीत घालावे, आणि मोबाईलवर याचा एक शब्द काढू नये. ‘पत्र मिळालं’ एवढंसुद्धा नाही.

गेले आठ-दहा दिवस मी तुम्हाला मोबाईलवर वैजापूरच्या पाहुण्यांची आरती ओवाळतोय, आणि तुम्ही दोनदा विचारलं, की तब्येत बरी हाय ना, का दुसरंच कोणी टाइप करतंय. टाइप मीच करतोय, साडूभाऊ. वाचतंय दुसरंच कोणी.

झालं असं. याद्यांच्या दिवशी तुम्ही म्हशीपायी आला नाहीत (आला असता तर हे घडलंच नसतं, म्हणून थोडा दोष म्हशीकडंही जातो). मानपानाची यादी मी मोबाईलवर लिहून नेली होती. व्याही दादाराव म्हणाले, दोन प्रती छापून घेऊ, खाली आडतीत कॉम्प्युटर आहे. त्यावर ते कांद्याचे भाव बघतात. मी गुमान यादी पाठवून दिली असती तर काय बिघडत होतं? पण चार माणसांत मला हुशारी सुचली. म्हटलं, पाठवायचं कशाला, मोबाईलच जोडतो कॉम्प्युटरला, आमच्या ऑफिसात रोजचंच काम हाय. (ऑफिसात ते काम दुसरे करतात, मी मागं उभा राहून चहा पितो.) पडद्यावर चौकटीत मुंग्या बसल्यासारखं ते चित्र आलं, त्याच्यासमोर मोबाईल धरला, दोनदा हात हलला, आणि तिसऱ्यांदा माझं अख्खं व्हॉट्सअ‍ॅप तिथं उघडलं. मंडळींनी वाहवा केली. यादी छापली, सह्या झाल्या, वरून जेवायची हाक आली आणि मी उठलो. जोडलेलं तोडावंही लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मोबाईल खिशात घातला की आपोआप तुटत असेल.

आणि परत येताना गाडीत बसल्या बसल्या मी तुम्हाला ते लांबलचक लिहिलं. आठवतंय ना? पहिलं हे, की त्यांच्या चहात आलं इतकं होतं की घसा सोलून निघाला. दुसरं हे, की विहीणबाई आवडाबाई बोलायला लागल्या की समोरच्याला घास गिळायची सवड देत नाहीत. (त्यावर तुम्ही त्यांना मळणीयंत्र म्हणालात, तेही आठवा.) हे दोन्ही एक वेळ पचलं असतं. पण तिसरं मी पोटतिडकीनं लिहिलं होतं. लग्न सतरा मेला धरलंय, प्रेरणाचा एम.एस्सी.चा शेवटचा पेपर एकोणीसला आहे. पोरीला त्यांचा ऋतुराज मनापासून आवडलाय, म्हणून ती बैठकीत गप्प बसली आणि बायकांची गाडी आधी घरी पोचल्यावर मोरीत जाऊन रडली, असं द्वारकेनं फोनवर सांगितलं, आणि मी मात्र तारीख ठरताना नुसती मान हलवून आलो होतो. पोरीच्या बापाला तोंड नसतंय, असं मी लिहिलं होतं. ते सगळं तिकडं आडतीत, कांद्याच्या भावाशेजारी, उघडं पडत होतं.

कळलं चौथ्या दिवशी. मोबाईलमध्ये उगाच बोटं घालताना ‘लिंक केलेली उपकरणं’ असं काहीतरी निघालं. त्यात एक कॉम्प्युटर, आणि खाली लिहिलेलं, शेवटचा वापर आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. साडूभाऊ, अकरा वीसला मी शहागंजात भाजी घेत होतो! हे बघितलं तेही तिथंच, भाजीवाल्यासमोर. पावकिलो भेंडी तिथंच विसरून आलो.

तुम्ही म्हणाल, तोडून टाक. एका बटणाचं काम आहे, आता मलाही कळलंय. पण तोडलं की त्यांच्या पडद्यावरून माझं सगळं एकदम गायब होणार. म्हणजे मला कळल्याचं त्यांना कळणार, आणि मी लिहिलं ते मनातलंच होतं हे शाबीत होणार. पुसलं तरी तेच. एकदम गप्प बसलो तर आणखी संशय. म्हणून ती आरती.

पुढचं तर याहून वाईट. रविवारी पत्रिकेचा मजकूर दाखवायला वैजापूरला गेलो. चहा आला, त्यात आल्याचा वासही नाही. आवडाबाई पदर सावरून बसल्या आणि मी मोजले, दोन तासांत अकरा शब्द बोलल्या. त्यातले चार ‘घ्या ना, अजून घ्या’ हेच. काल दादारावांचा फोन आला, की पंचांग बघण्यात चूक झाली, सतरा नको, एकवीस मे धरू. म्हणजे पेपरनंतर बरोबर दोन दिवसांनी. प्रेरणा घरभर नाचतेय, द्वारकेनं देवापुढं साखर ठेवली, आणि मला घाम फुटलाय. ते पंचांग माझ्या मोबाईलमधलं आहे, हे मलाच ठाऊक. आज मंडळी गोड आहेत. उद्या पोरगी उंबरा ओलांडून आत गेली की माझं एकेक वाक्य काढून तिच्यापुढं ठेवतील काय? बापाच्या जिभेचं लेकीनं भोगायचं का? या भीतीनं अन्न गोड लागत नाही. घरात सांगावं तर द्वारका लग्नाआधी माझंच तेरावं घालील.

अक्कांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला घाबरलेला,
रामकिसन

ता.क. पत्र खरं यासाठी लिहिलं. प्रेरणाला लग्नानंतर नोकरी करायची आहे, आणि ते विचारायचीही माझी हिंमत नाय. तेव्हा तुम्ही मोबाईलवर मला सहज म्हणून टाकावं, की पोरीच्या नोकरीचं काय ठरलं. मी उत्तर देईन, तिची इच्छा लई हाय, पण बोलणार कोण. बाकीचं वैजापूर बघून घेईल. तोवर मी काही तोडत नाही.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवायच्या आत मोबाईल वाजला. माझ्याच नावावरून मलाच मेसेज. (स्वतःला निरोप लिहून ठेवायची त्यात सोय असते, मी तिथं दळणाची आठवण लिहितो.) जसाच्या तसा उतरवतो:

“रामकिसनभाऊ, मी आवडाबाई, आडतीतून लिहितेय. उघडंच होतं म्हणून वाचलं, चुकलं माझं. यांना काय दाखवलं नाय, तारीख मीच बदलून घेतली. पण बिगर आल्याचा चहा आता माझ्यानं पिववत नाय, तवा हे तोडा. आन पोरीच्या बापाला तोंड असतंय. इथं येऊन बोलत जा. देवगावच्या पाहुण्यांना सांगा, अक्षता टाकायला मळणीयंत्र त्यांच्याच शेजारी उभं राहणार हाय.”

वाचलं आणि तोडलं. आता दादारावांचा नंबर काढून बसलोय, नोकरीचं मीच विचारणार आहे. पहिला ता.क. रद्द समजावा. आणि लग्नाला या. या खेपेला म्हशीचं कारण चालणार नाही.