विरघळणारी पट्टी

४ मार्च १९७४, सोमवार
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्या माणसानं तारखा टाकून ठेवाव्यात, नाहीतर पुढे श्रेयावरून भांडणं होतात.

शोध असा. जखमेवरची गॉजपट्टी चिकटते आणि काढताना माणूस ओरडतो. पिंपरीतल्या आमच्या कंपनीच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं ड्रेसिंग करतोय, म्हणजे नऊ वर्षं ओरडणं ऐकतोय. आज हीट ट्रीटमेंट खात्यातला भीमराज आला. परवा त्याच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, तापलेलं तेल सांडलं. गॉज काढताना गडी बाकावरच आडवा झाला. डॉक्टर मिराशी म्हणाले, ज्योतीराम, जरा हळू. मी हळूच ओढली होती. दोष गॉजचा.

तेव्हा सुचलं. पट्टी काढायचीच कशाला? अशी पट्टी करायची की ती जखमेवर आपोआप विरून जाईल, आणि टाकून दिली तर मातीतही विरेल. सगळा माल नैसर्गिक. आठ दिवसांत उरकेल.

५ मार्च, मंगळवार
अंड्याच्या कवचाआतला पातळ पापुद्रा. निसर्गानं तयार करूनच ठेवलाय, फक्त सोलायचा. बारा अंडी फोडली. घरात दोन्ही वेळा आम्लेट. आई अंडं खात नाही, ती चटणी-भाकरीवर. पापुद्रा सोलताना फाटतो. अख्खा निघाला तो एकच, नखाएवढा. नखाएवढ्या जखमांसाठी उत्तम.

रतननं विचारलं, आधी जखम की आधी अंडं? बायकोला विनोदबुद्धी आहे, विज्ञानबुद्धी नाही.

७ मार्च, गुरुवार, सुट्टी
नवा फॉर्म्युला: तांदळाची खळ, मध, हळद. ताटांना तुपाचा हात लावून पातळ पसरली आणि खोलीसमोर बाजेवर उन्हात ठेवली. दुपारपर्यंत सहा सुंदर पिवळ्या पट्ट्या. डुलकी काढून उठलो तर पाच. आईला वाटलं घरात पापडांचं काम निघालंय, तिनं एक तळून पाहिला. चांगला फुगला. मीठ विसरलास, म्हणाली.

नोंद: पट्टी बिनविषारी आहे. ही टेस्ट माझ्या यादीत होतीच.

८ मार्च, शुक्रवार
मातीत विरते का, हे पाहायला एक पट्टी दारातल्या कुंडीत पुरली.

९ मार्च, शनिवार
शेजारच्या विमलबाईंच्या कोंबड्यांनी उकरून खाल्ली. म्हणजे निसर्गात विलीन व्हायला चोवीस तासही लागले नाहीत. माझा मूळ अंदाज महिन्याचा होता. अपेक्षेपेक्षा चांगला रिझल्ट.

११ मार्च, सोमवार
डॉक्टर दोन दिवस मुंबईला. जाताना सांगून गेले, भीमराजची पट्टी भिजवून काढा, नेहमीचं मलम लावा, दुसरं काही करू नका. दुसरं काही म्हणजे गैरप्रकार. संशोधन त्यात येत नाही.

भीमराजला सगळं तत्त्व समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी म्हणता तर लावा, ज्योतीराव. फक्त ओढायची न्हाई ना?" मी शब्द दिला, ही पट्टी ओढायची वेळच येणार नाही. दोन पट्ट्या लावल्या, वरून कापड गुंडाळलं. गार वाटतंय म्हणाला. तसाच कामावर गेला. सध्या त्याला फोरमननं टेबलावर नुसतं मोजमाप करायला बसवलंय.

रजिस्टरमध्ये 'नेहमीचं ड्रेसिंग' असं लिहिलं. रकाना अरुंद आहे.

१२ मार्च, मंगळवार
भीमराज आला नाही. म्हणजे दुखत नसणार. पेशंट परत येत नाही यापेक्षा मोठं यश ते काय?

संध्याकाळी गेटवर त्याच्या खात्यातला खंडू भेटला. म्हणे काल जेवणाच्या सुट्टीनंतर भीमराज हात आपटत नाचायला लागला. फोरमनला वाटलं शॉक बसला, त्यानं मेन स्विच बंद केला. पट्टीखाली मुंग्या होत्या. लाल.

मुंग्या हा खात्याच्या साफसफाईचा विषय आहे.

१३ मार्च, बुधवार
आला नाही. डॉक्टर परत आले, पहिला प्रश्न भीमराजचाच. मी म्हटलं, सुधारणा आहे. हे खोटं नाही, अंदाज आहे. दुपारी डबा तसाच परत आणला. ऊन फार.

१४ मार्च, गुरुवार, सुट्टी
पिंपळे गुरवला त्याच्या घरी चौकशीला निघणार होतो, पण सायकल पंक्चर. रतन म्हणाली, दुकान समोरच आहे. मी तिला समजावलं की आज सगळ्या पिंपरीला सुट्टी, पंक्चरवाल्यालाही असणार. दुकान दिवसभर उघडं होतं. अशा वेळी बायका मुद्दाम दार उघडं ठेवून दारात तांदूळ निवडत बसतात.

१६ मार्च, शनिवार
डॉक्टरांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, मागे बसा. भीमराजचा पाच दिवस पत्ता नाही. वाटेत ते म्हणाले, तो उजवा हात आहे, बोटं आखडली तर कंपनी त्याला खात्यात परत घेणार नाही. थोडं पुढे गेल्यावर हेच पुन्हा म्हणाले. नदीच्या पुलावर मला उतरावंसं वाटलं.

भीमराज घराच्या ओट्यावर बसला होता. हातावर केळीचं पान, त्यावर धुवट लुगड्याची चिंधी. त्याच्या आईनं, गिरजाबाईंनी, गाठ सोडली. पान नुसतं निसटून खाली पडलं. ओढावं लागलं नाही. भीमराज तेवढ्या वेळात डॉक्टरांना चुलतभावाच्या लग्नाचं सांगत होता. हात गुलाबी. पाचही बोटं हलत होती. कडेला मात्र बारीक लाल ठिपके होते, ते डॉक्टर चष्मा काढून बराच वेळ पाहत राहिले.

मग त्यांनी विचारलं, हे पान कुणी सुचवलं? गिरजाबाई बोलणार, तेवढ्यात भीमराज म्हणाला, "ज्योतीरावांनीच सांगितलं व्हतं."

असं का म्हणाला, कळलं नाही. मी नाही म्हणणारच होतो. पण डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि वेळ निघून गेली.

गिरजाबाईंनी चहा दिला. माझा कप खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

१८ मार्च, सोमवार
शांतपणे विचार केला. केळीचं पान नैसर्गिक, चिकटत नाही, मातीत विरतं. म्हणजे तत्त्व सगळं माझं, फक्त माल बदललाय. मी भीमराजला समजावून सांगितलं होतं, तेच मायलेकांच्या मनात मुरलं असणार. शास्त्रात असं होतं.

डॉक्टर फार खूश. २९ तारखेला आसपासच्या सात कंपन्यांचे डॉक्टर आमच्या दवाखान्यात येणार आणि मी करून दाखवणार. पांढरा कोट इस्त्रीला दिला. रतनला सांगितलं, तुझा नवरा डेमॉन्स्ट्रेशन देणार आहे. तिनं विचारलं, कशाचं? या घरात माझं कुणी ऐकत नाही हेच खरं.

२१ मार्च, गुरुवार, सुट्टी
पिंपळे गुरव. सायकल ठीक होती. गिरजाबाईंना म्हटलं, पद्धत कन्फर्म करायला आलोय. त्या भाकऱ्या थापत होत्या, थापता थापताच सांगितलं: सुरळीतून नुकतं उलगडलेलं कोवळं पान घ्यायचं. मधला दांडा काढायचा. धुवायचं, चाळणीवर ठेवून वाफ द्यायची, गार करायचं. गुळगुळीत बाजू जखमेला. रोज नवं. मी लिहून घेतलं नाही. मुख्य तत्त्व माहीतच होतं.

कुठे शिकलात, विचारलं. चिंचवडच्या मळ्यात त्या बरीच वर्षं केळीत खुरपायला जायच्या. तिथे एकीच्या पायावर गुळाची काहील उपडी झाली होती. दवाखाना लांब. तिची जखम रोज धुऊन पान बदलायचं काम यांच्याकडे आलं, ते दीड महिना केलं. आता ती बाई चालते, म्हणाल्या.

मग हात धुऊन माझ्यासमोर बसल्या. "मुंग्या एकेक करून काढल्या मी. दिवा जवळ घेऊन. ह्यो दात खाऊन बसला व्हता."

मी म्हटलं, फार वाईट झालं. कुणामुळे, ते बोललो नाही. परतताना सायकल जड वाटली. वारा समोरचा होता.

२८ मार्च, गुरुवार, सुट्टी
उद्याची तयारी. पद्धतीत थोड्या सुधारणा केल्या, नाहीतर माझा वाटा काय? कोवळं पान फार नाजूक, म्हणून कँटीनमागच्या झाडाचं मोठं, जून, मजबूत पान आणलं. नुसत्या वाफेवर जंतूंचा भरवसा नाही, म्हणून कुकर, तीन शिट्ट्या. निघालं ते तपकिरी, शिरांपाशी फाटलेलं. रतननं वाकून पाहिलं आणि विचारलं, फोडणी देऊ का?

उपाय सापडला. पानाला आतून खळीचा पातळ हात दिला. आता धरून राहील. मध घातला नाही. माणूस अनुभवानं शिकतो.

२९ मार्च, शुक्रवार
अकराला सगळे जमले. भीमराज मधल्या स्टुलावर, गिरजाबाई मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन. मी आधी प्रस्तावना केली. मानवाचे निसर्गाशी असलेले नाते, वगैरे. एका डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

पान उचललं तर अर्धं ताटातच राहिलं. उरलेलं भीमराजच्या हातावर ठेवलं आणि बोलत राहिलो. बोलणं संपेपर्यंत खळ वाळली होती. काढायला गेलो तर पान निघेना. मी हळूच ओढलं.

नुकती आलेली कातडी पानाबरोबर उचलली गेली. नखाएवढीच, पण रक्त आलं. भीमराज ओरडला नाही. सात डॉक्टर बसलेले, आणि त्याला मला सांभाळायचं होतं. फक्त त्याचा डावा हात स्टुलाच्या कडेला घट्ट झाला. तो हात मी पाहिला.

गिरजाबाई उठल्या. मला बाजूला केलं. उकळून गार केलेलं पाणी मागितलं, खळ भिजवून भिजवून सोडवली. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान काढलं, पोपटी, आरपार उजेड दिसेल असं. ठेवलं, बांधलं.

डॉक्टर मिराशींनी विचारलं, "ज्योतीराम, घरी पान कुणी लावलं होतं?"

उत्तरं बरीच तयार होती. भीमराजही काहीतरी म्हणायला तोंड उघडत होता. मी त्याला थांबवलं.

"पान ह्यांनी लावलं," मी म्हटलं. "मी मुंग्या लावल्या."

एक डॉक्टर हसले. मिराशी हसले नाहीत. म्हणाले, "ठिपके त्या दिवशीच पाहिले होते. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." आणि मग फार हळू आवाजात, "तेरा दिवस थांबलो."

३० मार्च, शनिवार
काही लिहिण्यासारखं नाही. कोट धुतला.

१ एप्रिल, सोमवार
निकाल लागला. नोकरी राहिली. तीन महिने कुणाच्या जखमेला हात लावायचा नाही. रजिस्टरमधली ती ओळ माझ्याकडूनच खोडून घेतली आणि खरं काय लावलं ते लिहायला सांगितलं. रकान्यात मावलं.

गिरजाबाई आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात येणार. भाजलेले पेशंट त्या पाहणार, डॉक्टर नोंदी करणार, नोंदींवर नाव त्यांचं. माझ्याकडे पानं आणणं आणि धुणं.

भीमराजला एकट्याला गाठलं. विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलंस? तो बोटं उघड-मीट करण्याचा व्यायाम करत होता. म्हणाला, "हात तर बरा व्हतच व्हता. तुमची नोकरी गेली असती, ती कुठनं बरी केली असती?" मला बरंच काही बोलायचं होतं. तो म्हणाला, राहू द्या, आणि मोजत राहिला. अठरा, एकोणीस, वीस.

३ एप्रिल, बुधवार
सकाळी सहाला सायकलनं चिंचवडच्या मळ्यात. दहा पानं आणली. गिरजाबाईंनी एकेक पान खिडकीच्या उजेडात धरलं. सात बाजूला टाकली.

"तीन बरी हायेत," म्हणाल्या.

पानांबद्दल म्हणाल्या. पण आणली मी होती.