सतरा मिनिटांची तक्रार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का ते कळव. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर मी सोडून सगळे ठीक.

नातू (सातव्या महिन्यातच आला, ही घाई आपल्या घराण्यातली नव्हे, जावयाकडची) अजून काचेच्या पेटीतच आहे. मी पंपदुरुस्ती कुणाकडे शिकलो नाही; पुस्तकं वाचून आणि बोटं चेपून घेऊन शिकलो. त्याच रीतीने बाळांचा अतिदक्षता विभागही आठ दिवसांत शिकलो. काचेबाहेर वही घेऊन बसायचं: पेटीचा गजर कधी वाजला, सिस्टर कधी पोहोचली. गुरुवारी ती सतरा मिनिटं आपल्या पेटीकडे फिरकली नाही (सोळा मिनिटं पन्नास सेकंद; पण तक्रारीत पूर्ण आकडा शोभतो). मी तक्ता आखला. बायको म्हणाली, "अहो, आधी तिला विचारा तरी." पण तक्ता थेट अधीक्षकांच्या टेबलावर. त्यांनी चौकशी होईपर्यंत सिस्टरला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या एका बाईने सांगितलं, त्या वेळात दुसऱ्या पेटीतल्या तिच्या लेकीचा श्वास थांबला होता, आणि सिस्टर हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होती. दुसरी सिस्टर नवं बाळ आणायला ऑपरेशन थिएटरात गेलेली. पेट्या सहा, हात दोन. माझ्या तक्त्यात बाकीच्या पाच पेट्यांचा रकानाच नव्हता! दोन बाळांमागे एक सिस्टर, असं तिथल्या भिंतीवर लिहिलंय, ते मी पहिल्याच पानावर उतरवलं होतं. तक्रार करायची ती माणसं कमी असल्याची; केली ती असलेल्या माणसाची. आता सहा पेट्यांना एकच सिस्टर आहे, आणि आपलं बाळ त्याच सहांत.

तू नोकरीत होतीस तेव्हा तुला मी दर भेटीत विचारायचो, वॉर्डात दिवसभर करता तरी काय तुम्ही? तू नुसती हसायचीस. एकदा रागवायचं होतंस गं.

तक्रार मागे घ्यायला गेलो, तर कारकून म्हणाला, "काका, इतका पक्का तक्ता साहेबांनी आजवर पाहिला नव्हता. आता चौकशी होणारच."

तुझा,
धाकटा

ता. क. चौकशी मंगळवारी अकराला. माझी बहीण निवृत्त मेट्रन आहे, ती येऊन सहा बाळांना किती सिस्टर लागतात ते सांगेल, असं साहेबांना कबूल करून आलोय. तुला विचारायचं तेवढं राहिलं.

ता. क. २ काल माफी मागायला खिडकीवर गेलो होतो. पाच वाक्यं पाठ केली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "आजोबा, दूध पचतंय ना त्याला?" मी "हो" म्हणालो आणि रांगेतून बाहेर पडलो. ताई, ये.